लिहून घेणार, लिहून देणार

चपला बाहेर काढा, हे सांगायला समाधान स्वतः दारात उभा होता. गोजरबाई उंबऱ्यातच थबकल्या. बावड्याहून एसटीनं येऊन त्यांचे पाय धुळीनं माखले होते हे खरं, पण छप्पन साली देव घरातून गेल्यापासून ओव्हाळांच्या कुठल्याच खोलीपुढं कुणी चपला काढल्या नव्हत्या.

"आत कोण बसलंय?" त्यांनी भाच्याला विचारलं.

"कंप्युटर, आत्या. त्याला धूळ सोसत नाही."

"मग बारामतीत कशाला आणला?"

समाधान हसला. आज तो कशालाही हसायला तयार होता. चाळिशीच्या आत बारामती कोर्टात नाव काढलेला वकील, घरी पहिला कंप्युटर, आणि पुण्याच्या कंपनीचा माणूस खास उद्‌घाटनाला आलेला. अठ्ठ्याण्णव साली याहून जास्त काय पाहिजे असतं माणसाला? फक्त एक काम राहिलं होतं, आणि तेही जेवणाआधी उरकणार होतं.

आतल्या खोलीत भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली मेणबत्ती, आणि त्याच्याही खाली, टेबलावर, झेंडूची माळ घातलेला कंप्युटर. सगळे उभे राहिले. त्रिशरण झालं. कंपनीचा दिग्विजय बिचारा या घरात नवीन. त्यानं डोळे मिटून हात जोडले ते थेट कंप्युटरकडं तोंड करून. प्रियदर्शनीनं ओठ दाबून धरले. आप्पांनी मात्र ते पाहिलं आणि त्यांना वाटलं, या पोराचं तोंड योग्य दिशेला आहे, आपलंच चुकतंय.

आप्पा म्हणजे ॲडव्होकेट रामभाऊ ओव्हाळ, गोजरबाईंचे धाकटे भाऊ, समाधान आणि प्रियदर्शनीचे वडील. गेल्या उन्हाळ्यात डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि इंदापूर कोर्टातली त्यांची छत्तीस वर्षांची वकिली थांबली. कोर्ट रस्त्यावरचं ऑफिस तेव्हापासून बंद होतं. ऑफिस म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या, पण जागा मोक्याची. आप्पांचे वडील म्हस्कू यांनी ती कधीकाळी घेऊन ठेवली, तेव्हा तिथं कोर्टही नव्हतं आणि रस्ताही.

आता त्या जागेवर दोघांचा डोळा होता. प्रियदर्शनीनं पुण्यातली नोकरी सोडली होती आणि तिला आप्पांच्या खुर्चीवर बसून इंदापुरात वकिली करायची होती. समाधानला तिथं कंपनीचा एजंट होऊन सेंटर काढायचं होतं, वकिलांनी यावं, पैसे भरून कंप्युटरवर निकाल शोधावेत, दस्त छापून न्यावेत. कंपनीची अट एकच होती, जागा एजंटाच्या एकट्याच्या नावावर पाहिजे. आणि जागेवर तर अजून म्हस्कूंचंच नाव. त्यात गोजरबाईंचा वाटा, आणि चौऱ्याण्णवच्या कायद्यानं बिनलग्नाच्या प्रियदर्शनीचाही वाटा. आप्पा आड येणार नाहीत हे समाधान धरून चालला होता, दोघींनी हक्कसोडपत्र करून दिलं की प्रश्न मिटला. बहिणी हक्क सोडतात, भाऊ साडी नेसवतो, सगळे जेवतात. अशीच रीत होती, आणि साड्या आणून ठेवलेल्या होत्या.

"बसा, बसा," समाधान म्हणाला. "दिग्विजय, आप्पांना दाखवा जरा."

दिग्विजयनं सीडीची चकती आत सरकवली. "सर, यात पन्नास सालापासूनचे निकाल आहेत. सुप्रीम कोर्ट, हायकोर्ट, सगळे. फक्त शब्द टाकायचा." त्यानं वहिवाटीचा इंग्रजी शब्द टाकला. पडदा निकालांनी भरून गेला.

"बघा आप्पा," समाधान म्हणाला. "यातलं एकेक शोधायला तुम्ही पुण्याला मुक्कामाला जात होता."

आप्पांनी चष्मा पुढं सरकवला. "चांगलं आहे. यातला आपल्या कामाचा कुठला?"

"सगळेच."

"सगळे वाचून दाखवणार जज्जाला?"

"वाचायचं कशाला? वर सारांश असतो. आमच्या पुण्याच्या तज्ज्ञांची टीम आहे सर," दिग्विजय म्हणाला.

"टीम म्हणजे आम्ही नऊ पोरी होतो," प्रियदर्शनी म्हणाली. "तो तिसरा सारांश आहे ना, तो चुकलाय. मीच लिहिलाय. संध्याकाळची बस गाठायची होती."

"पुढच्या चकतीत दुरुस्त होईल मॅडम," दिग्विजय गडबडून म्हणाला.

समाधाननं ते ऐकलंच नाही. मुद्दाम नव्हे, त्याच्या मनात वेगळंच चाललं होतं. लहानपणी सुटीत तो आप्पांबरोबर कोर्टात जायचा. बाररूममध्ये माठ होता, पण आप्पा घरून फिरकीचा तांब्या न्यायचे. कुणी काही बोलायचं नाही, आप्पाही बोलायचे नाहीत. पुढं तो माठ गेला, कूलर आला, आप्पा कूलरचं पाणी प्यायला लागले, पण समाधानच्या डोक्यातून तो तांब्या काही गेला नाही. या यंत्रासमोर मोठ्या घराण्यातला वकील बसो नाहीतर ओव्हाळ बसो, निकाल तेच निघणार. त्यासाठी तरी हे यंत्र इंदापूरच्या कोर्ट रस्त्यावर, ओव्हाळांच्या जागेत, ओव्हाळांच्या पाटीखाली बसलं पाहिजे. मोठ्या घरचे वकील तिथं रांग लावतील. हे त्याला इतकं पाहिजे होतं की आड येणारी आपली बहीण आहे, हे त्याच्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

"ह्याला कोण कुणाचा ते कळतच नाही, आत्या," तो म्हणाला. "हेच तर पाहिजे."

"कळत न्हाय तर दस्त कसा करतो?" गोजरबाई म्हणाल्या.

"आता बघा की."

दस्तांचे नमुने निराळ्या चकतीत होते. खरेदीखत, भाडेपट्टा, मृत्युपत्र, हक्कसोडपत्र. नाव, गाव, नातं भरलं की दस्त तयार, आणि छापून येणार चक्क मराठीत. समाधान खुर्ची ओढून बसला. पडद्यावर इंग्रजीत पहिला रकाना आला: फर्स्ट पार्टी. पहिला कोण, असा प्रश्न त्या घरात आजवर कुणाला पडलेला नव्हता. त्यानं ऐटीत आपलं नाव भरलं. दुसऱ्या रकान्यात आत्या आणि बहीण. मग जागेचं वर्णन, चतुःसीमा. प्रिंटरमध्ये मुद्रांकाचा कागद घातला, आणि प्रिंटरनं असं काही करकरायला सुरुवात केली की शेजारची म्हातारी काय मोडलं ते बघायला खिडकीशी आली.

आप्पा प्रिंटरमधून सरकणाऱ्या कागदाकडं बघत होते. त्यांची पद्धत सगळ्या तालुक्याला माहीत होती. अशील आलं की आधी चहा, मग हकीकत, मग तीच हकीकत पुन्हा पहिल्यापासून. दस्त झाला की तो सही करणाऱ्याला शब्दन् शब्द मोठ्यानं वाचून दाखवायचा. आणि शेवटी चष्मा काढून एक प्रश्न: 'ह्यात लिहिलंय ते तुमच्या मनाचं आहे का?' लोक म्हणायचे, ओव्हाळ वकिलाकडं जायचं तर भाकरी बांधून न्यावी. इथं मात्र चहा निवायच्या आत दस्त बाहेर पडला होता. आप्पांनी चष्मा काढला आणि घडी करून खिशात ठेवला. कुणाच्या लक्षातही आलं नाही, आणि त्याचंच त्यांना जास्त लागलं.

"झालं," समाधान म्हणाला. त्यानं पेनाचं टोपण काढलं आणि पहिल्या जागी झोकदार सही ठोकली. "आत्या, तुमचा अंगठा. प्रियदर्शनी, तू इथं."

प्रियदर्शनीनं पेन घेतलं. नाही म्हणायचं असं ती महिनाभर ठरवत होती. पण काल रात्रीपासून वहिनी पुरणाच्या तयारीत होती, आप्पा काही बोलत नव्हते, आणि 'मी काय तुला वाऱ्यावर सोडणार आहे का, सेंटरमध्ये तुलाच बसवतो' असं दादा दहादा म्हणाला होता. सेंटरमध्ये. म्हणजे पुन्हा पडद्यापुढं. तिनं कागदाकडं पाहिलंच नाही. कंपनीत दोन वर्षं तिनं दुसऱ्यांची भांडणं चार ओळींत बसवली होती, आता आपलं एक बसलं, एवढंच तिला वाटलं, आणि रडू यायला लागलं म्हणून ती पेनाचं टोपण काढण्यात वेळ घालवू लागली.

"थांब पोरी," गोजरबाई म्हणाल्या. "रामा, वाचून दाव."

"आत्या, कंप्युटरनं काढलाय तो. त्यात चूक नसते."

"नसंल. पर मला वाचून दावल्याबिगर म्या अंगठा देत न्हाय. ह्यानंच लावलीया सवय," असं म्हणून त्यांनी भावाकडं बोट दाखवलं.

आप्पांनी खिशातून चष्मा काढला. कुणी तरी मागितलं, याचाच त्यांना एवढा आनंद झाला की ते घसा साफ करून ताठ बसले.

जयवंता साड्या घेऊन दारात उभी होती, एक हिरवी, एक जांभळी. समाधानची बायको ती. कालपासून ती नवऱ्याच्या बाजूनं होती. कंपनीचं सेंटर आलं तर वरचा मजला चढणार होता. तिचं माहेर मोरगावचं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तिनंही भावांना हक्क सोडून दिला होता. बारामतीतच नोंदणीच्या साहेबापुढं जाऊन सही केली होती आणि येताना भावानं उसाचा रस पाजला होता. साडी हिरवीच होती. तो कागद तिला कुणी वाचून दाखवला नव्हता, आणि वाचून दाखवायचा असतो हे तिला सुचलंही नव्हतं.

"हक्कसोडपत्र," आप्पांनी सुरुवात केली. कोर्टातला आवाज लागला. "लिहून देणार, ॲडव्होकेट समाधान रामभाऊ ओव्हाळ, राहणार बारामती. लिहून घेणार, एक, गोजरबाई..."

ते थांबले. चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं.

"वाचा की," गोजरबाई म्हणाल्या.

आणि आप्पांनी वाचलं. एक शब्द गाळला नाही. "कारणे हक्कसोडपत्र लिहून देतो की, इंदापूर येथील खाली वर्णन केलेल्या जागेत माझा जो काही हक्क, हिस्सा व हितसंबंध आहे, तो मी माझी आत्या व बहीण यांच्यावरील प्रेमापोटी, राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, कोणताही मोबदला न घेता कायमचा सोडून देत आहे. यापुढे सदर जागेशी माझा अगर माझ्या वारसांचा काहीएक संबंध राहिलेला नाही. करिता हे हक्कसोडपत्र लिहून दिले असे."

दिग्विजय पडद्याकडं बघत राहिला. त्याच्या नमुन्यात काही बिघडलेलं नव्हतं.

"काहीतरी गडबड झालीय," समाधान म्हणाला.

"गडबड काही नाही दादा." प्रियदर्शनीला आता रडूही येत होतं आणि हसूही. "नमुने इंग्रजी दस्तावरून केलेत. इंग्रजीत देणारा आधी असतो. आपल्याकडं घेणारा आधी लिहितात. तू पहिलं नाव आपलं घातलंस."

"मग आधी सांगायचं नाहीस?"

"मी वाचलाच नव्हता."

"सही तर झालीया त्याची," गोजरबाई म्हणाल्या. त्यांनी आप्पांच्या हातातला कागद अलगद काढून घेतला, घडी घातली आणि मांडीखाली सरकवला. "ऱ्हाऊ दे माझ्यापाशी."

"आत्या, चेष्टा पुरे. द्या इकडं. त्याला काही किंमत नाही, नोंदणी झालेली नाही."

"मग मागतुस कशाला?"

"कारण त्यावर माझी सही आहे," समाधानचा आवाज चढला. "आणि असलं काहीतरी मी लिहून देईन का? माझ्या आजोबांची जागा. राजीखुशीनं म्हणे. एक पैसा न घेता. प्रेमापोटी स्वतःचा हक्क कोण सोडतं? वेडा आहे का मी?"

समाधाननं एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं. आप्पा कागद नसलेल्या हातांकडं बघत होते. दारात जयवंतानं साड्या छातीशी धरल्या होत्या, आणि ती नवऱ्याकडं अशी बघत होती की जणू हा माणूस आजच घरात राहायला आलाय.

"दिग्विजय, नावं उलटी करा," समाधान हलक्या आवाजात म्हणाला. "साध्या कागदावर काढा. मुद्रांक उद्या आणू."

पुन्हा करकर झाली. या वेळी शेजारची म्हातारी आली नाही. समाधाननं कागद काढून बहिणीपुढं ठेवला.

"आता ह्यो बी वाच," गोजरबाई म्हणाल्या. "रामा न्हाय. तू वाच. मोठ्यानं."

"आत्या, मजकूर तोच आहे."

"मग सोपं जाईल की."

समाधान वकील होता. हजारो पानं त्यानं कोर्टात धडाधड वाचली होती. त्यानं कागद उचलला. "लिहून देणार, एक, गोजरबाई... दोन, कुमारी प्रियदर्शनी रामभाऊ ओव्हाळ. लिहून घेणार, ॲडव्होकेट समाधान..." इथपर्यंत ठीक गेलं. "...तो आम्ही अनुक्रमे आमचा भाचा व बंधू यांच्यावरील प्रेमापोटी, राजी..."

पुढचा शब्द त्याला दिसत होता. तो मघाशी त्याच्याच तोंडून याच खोलीत गेला होता, आणि त्याच्यामागून 'वेडा आहे का मी' हेही गेलं होतं. त्यानं पाण्याचा ग्लास उचलला. प्यायला नाही.

"थांबू नको दादा," प्रियदर्शनी म्हणाली. "त्याच्याच पुढं माझी सही व्हायची आहे."

त्यानं वाचून संपवलं. पण ते वाचणं आपल्या मुलाचं आहे हे आप्पांना ओळखू आलं नसतं, इतकं ते तोंडातल्या तोंडात झालं.

मग आप्पांनी चष्मा काढला. ते मुलीकडं वळले आणि ज्या आवाजात त्यांनी छत्तीस वर्षं परक्या बायकांना विचारलं होतं, त्याच आवाजात विचारलं, "बाई, ह्यात लिहिलंय ते तुमच्या मनाचं आहे का?"

या प्रश्नाला आप्पांनी आजवर एकच उत्तर ऐकलं होतं. भाऊ शेजारी उभा असायचा, बाई खाली बघून 'व्हय' म्हणायची, आणि आप्पा निश्चिंत मनानं सही घ्यायचे. आपण विचारतो म्हणजे आपण वेगळे, असं त्यांना वाटायचं. त्या 'व्हय'चं काय करायचं ते त्यांना माहीत होतं. दुसऱ्या उत्तराची त्यांनी कधी तयारीच केली नव्हती.

"नाही," प्रियदर्शनी म्हणाली.

आप्पांनी मान हलवली. "मग सही घेता येत नाही," ते म्हणाले. "समाधान, कायदा तुला माहीत आहे."

"माजंबी न्हाय," गोजरबाई म्हणाल्या. "मला कुणी इचारलं न्हाय, पर सांगून ठेवते. आन् तूच म्हणलास, ह्या मशीनला कोण कुणाचा कळत न्हाय. म्हणून तर तुझ्याच नावानं बोललं त्ये."

"सर, सेंटरचं मग..." दिग्विजयनं बॅग उघडली, बंद केली. "जॉइंट नावाला चालतं का, मी कंपनीत विचारून बघतो."

"जेवून घ्या आधी," समाधान म्हणाला. तो अजून कागदाकडंच बघत होता. बहिणीवर रागवायचं होतं त्याला, पण कुठल्या वाक्यावर रागवायचं ते सापडेना. सगळी वाक्यं त्याचीच होती.

पुरणाची पोळी सगळ्यांनी खाल्ली. साड्यांचं नाव कुणी काढलं नाही. निघताना गोजरबाईंनी घडी घातलेला तो मुद्रांकाचा कागद भाच्याच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "घे बाबा, तुझा हक्क." प्रियदर्शनीला मात्र आप्पांनी इंदापूरच्या ऑफिसची किल्ली दिली. समाधाननं पाहिलं आणि तो कंप्युटरवर झाकण घालायला आत गेला.

पुढच्या सोमवारी प्रियदर्शनीनं कोर्ट रस्त्यावरचं ऑफिस उघडलं. जाळीजळमटं झाडली, आप्पांची खुर्ची पुसली, अशिलांचं बाकडं दाराशी ओढलं. कोर्टाची घंटा झाली. वकील येत-जात होते, आत डोकावून 'आप्पा बरे आहेत का' विचारत होते आणि पुढं जात होते. दुपारपर्यंत बाकड्यावर कुणी बसलं नाही. दादाचं सेंटर असतं तर एव्हाना रांग लागली असती, असं तिच्या मनात येऊन गेलं, आणि त्याचा तिला राग आला.

मग दारात कुणीतरी चपला काढल्या. प्रियदर्शनीनं वर पाहिलं. जयवंता होती, बारामतीच्या बसनं एकटी आलेली, कपाळावर घाम, काखेत पिशवी.

"वहिनी? चपला कशाला काढता? इथं कंप्युटर नाही."

"असू द्या." जयवंता बाकड्याच्या टोकाला बसली, परक्या ऑफिसात बाया बसतात तशी. "ह्यांना सांगितलेलं नाही. मोरगावला जाऊन आले. भाऊ देत नव्हता, मग नोंदणी ऑफिसातून नक्कल काढून आणली."

तिनं पिशवीतून घडीचा कागद काढला आणि टेबलावर ठेवला.

"मी सही केलेलं आहे. काय केलंय ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "मला वाचून दाखवा. मोठ्यानं."

प्रियदर्शनीनं आधी चहा सांगितला.